दुर्बिणीचं ऑपरेशन, मग रक्ताच्या दोन पिशव्या कशाला?

प्रश्न : वय ३४, वजन ५० किलो. गर्भाशयाच्या भिंतीत ९ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ आहे. पाळीत खूप रक्त जातं, हिमोग्लोबिन ८ आहे. मूल हवं असल्यामुळे दुर्बिणीतून फक्त गाठ काढायचं ठरलंय. चार छिद्रं, दोन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले. वर रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय करा, असंही. एवढ्या छोट्या ऑपरेशनला रक्त कशाला? — एक वाचक, सातारा

उत्तर : छोटी असतात ती पोटावरची छिद्रं. आत गर्भाशयाचा स्नायू कापून गाठ सोडवावी लागते, आणि ते काम पोट उघडून केलं काय किंवा दुर्बिणीतून केलं काय, तेवढंच राहतं. गाठीभोवती दबलेल्या स्नायूचं कवच असतं, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं. गाठ निघाली की मागे जी खोल खळगी उरते, रक्त तिथून येतं. पोट उघडलेलं असेल तर सर्जन हाताने दाबून धरू शकतो. दुर्बिणीत ती सोय नाही. खळगी तळापासून थराथराने शिवत आणली की रक्त थांबतं, आणि शिवायला जितका वेळ लागेल तितकं ते जात राहतं. तरी एकूण रक्तस्राव दुर्बिणीत सहसा कमीच होतो. गाठ मोठी, खोल, गर्भाशयमुखाजवळ किंवा बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीलगत असेल, किंवा गाठी अनेक असतील, तर मात्र तो वाढतो.

तुमच्या बाबतीत आम्हाला त्या ९ सेंटिमीटरपेक्षा ८ या आकड्याची काळजी जास्त वाटते. हिशेब करून बघा. ५० किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं आणि तेवढी भर सलाइनने घातली, तर १२ हिमोग्लोबिन असलेलीचं १० वर येतं. पिशवी लागत नाही. ८ असलेलीचं ६.८ वर येतं, आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णालाही साधारण ७ च्या खाली गेल्यावर रक्त देतात. सर्जन तोच, रक्तही तेवढंच गेलं.

म्हणून हिमोग्लोबिन वाढवायला तारीख तीन-चार आठवडे पुढे नेता येईल का, हे आधी विचारा. कॅन्सरचा संशय नसेल तर या गाठीला एवढी घाई क्वचितच असते. लोहाच्या गोळ्यांनी फरक पडतो, पण सावकाश. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं इंजेक्शन शिरेतून एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा मिनिटांत देता येतं. मात्र वरून लोह भरायचं आणि पाळीत ते वाहून जायचं, असं होऊ देऊ नका. तेवढ्या काळापुरतं पाळी आटोक्यात ठेवणारं औषध मागून घ्या. ल्युप्रोलाइडच्या महिन्याच्या इंजेक्शनने पाळी थांबते, गाठही आकसते. पण गाठ आणि स्नायू यांच्यातली सीमा पुसट होऊन ती सोडवणं जड जाऊ शकतं, म्हणून काही सर्जन ते टाळतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा पहिल्या पाळीपासूनच अतिरक्तस्राव असेल, तर आवर्जून सांगा. दुसऱ्या प्रकारात रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो.

ऑपरेशनच्या वेळी व्हॅसोप्रेसिन वापरणार का, हेही विचारा. साधारणपणे २० युनिट १०० मिलिलीटर सलाइनमध्ये मिसळून गाठीभोवती टोचतात. रक्तवाहिन्या आवळतात आणि तो भाग डोळ्यांदेखत पांढरा पडतो. हेच औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तदाब उसळतो, हृदयाची गती धोकादायक मंदावते. म्हणून टोचण्याआधी पिस्टन मागे ओढून सुईत रक्त येत नाही ना, हे बघायचं आणि भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगूनच औषध सोडायचं. शेवटी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसच्या दाबाने बारीक शिरा दबून राहतात आणि सगळं कोरडं दिसतं. दाब उतरवून पुन्हा एकदा बघितल्याशिवाय ते खरं मानू नये.

प्रश्न : बायकोचं हेच ऑपरेशन आहे. आमचा रक्तगट एकच. माझंच रक्त तिला दिलेलं बरं ना?

उत्तर : नाही. तुमच्या रक्तपेशींविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली, तर पुढच्या गरोदरपणात तीच बाळाच्या पेशींवर हल्ला करू शकतात, कारण बाळात तुमचेही गुण उतरतात. तुम्ही रक्तदान जरूर करा, ते दुसऱ्या कुणाला जाईल. तिच्यासाठी रक्तपेढीतली तपासलेली, क्रॉसमॅच केलेली, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळवून पाहिलेली पिशवी घ्या. गट ‘ओ’ असला तरी क्रॉसमॅच चुकवू नका. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ गट साध्या तपासणीत ‘ओ’च दिसतो, आणि त्या व्यक्तीला नेहमीचं ‘ओ’ रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : ऑपरेशननंतर आत रक्त जातंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : नाडीवरून. विश्रांतीत असताना ती शंभरच्या वर राहणं, लघवी कमी होणं, पोट फुगत जाणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं: यातलं काहीही दिसलं तर लगेच नर्सला बोलवा, घरी असाल तर थेट रुग्णालय गाठा. पहिल्या काही तासांतल्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. रक्त जाताना पेशी आणि पाणी एकत्रच जातात, त्यामुळे आकडा उशिरा घसरतो. खांदेदुखी मात्र बहुतेक वेळा उरलेल्या गॅसची असते आणि दोन-तीन दिवसांत जाते. ती वाढतच गेली आणि सोबत नाडी जलद असेल, तर थांबू नका.