परळच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलीला

अगं, आल्या आल्या ब्लॉट, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांवरून ओळखायची चाचणी, लावायची घाई नको. आधी गॅमा चेन आणि जॅक३ ही प्रथिनांची जोडी समजून घे. गॅमा चेन पेशीच्या पडद्यात बसते, तिच्या आतल्या शेपटीला जॅक३ चिकटतो. इंटरल्यूकिन म्हणजे पेशींना निरोप देणारे रेणू; २, ४, ७, ९, १५ आणि २१, सगळ्यांना हीच चेन लागते. ७चा निरोप अडला की टी पेशी घडत नाहीत, १५चा अडला की एनके पेशी; दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी. म्हणून दोघांपैकी कुणाचंही जनुक बिघडलं तरी बाळाला आजार तोच, स्किड, म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळपास नसणं. फरक वारशाचा: गॅमा चेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे बहुतेक मुलगेच, जॅक३चं १९व्यावर, तिथे मुलगीही सापडते.

कधी कधी गॅमा चेन फ्लोमध्ये (पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीत) अगदी छान दिसते, फक्त जॅक३चा हात धरत नाही. तेव्हा फ्लो नॉर्मल म्हणून फाईल मिटू नकोस. उरलेल्या पेशींना इंटरल्यूकिन दे आणि स्टॅटवर, म्हणजे आत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर, फॉस्फेट बसतो का बघ.

को-आयपीला, म्हणजे अँटिबॉडीने एक प्रथिन ओढून जोडीदार सोबत येतो का बघताना, डिटर्जंट सौम्य घे, एसडीएससारख्या कडक डिटर्जंटने जोडीच तुटते. ब्लॉटवर ५० किलोडाल्टन वजनाला ठळक पट्टा आला तर नाचू नकोस, तो बहुधा अँटिबॉडीचाच. (मी नाचले होते.)

जुलैत नमुना लोकलमध्ये अडकतोच. त्याच डब्यातून निरोगी माणसाचं रक्तही मागव, नाहीतर दोष बाळाचा की पावसाचा, कळणार नाही.

आणि वॉर्डात फोन केलास की बीसीजी लस दिलीय का विचार. आपल्याकडे जन्मतःच टोचतात, आणि या बाळांत ती अंगभर पसरू शकते.