पत्राची शेवटची ओळ लेकीची आहे

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, 61 टक्के. नीटमध्ये 212. घरी पाच एकर कोरडवाहू, सोसायटी आणि बँक मिळून 2 लाख 80 हजारांचं कर्ज. नात्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की पोरगी मिलिटरीत नर्स झाली की यूएनमध्ये परदेशात पाठवतात, पगार डॉलरमध्ये मिळतो. मुलगी ऐकत नाही, तिला चार शब्द समजावून सांगा, अशी त्यांची विनंती आहे. पत्राच्या तळाशी वेगळ्या पेनाने, बारीक अक्षरात एक ओळ आहे: "मॅडम, तिथं रोज काम काय राहते?"

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कर्जाचा आकडा डोक्यात राहिला, दुसऱ्यांदा ती तळाची ओळ. तुम्ही ती पाहिली होती की तिने गुपचूप लिहून पाकीट चिकटवलं, मला माहीत नाही. काहीही असो, तिच्यावर रागावू नका. चार पानांच्या पत्रात कामाबद्दल विचारणारी ती एकटीच आहे.

तिसऱ्या पानावर तुम्ही तक्रार केली आहे. आजीला दीड वर्षापासून लकवा आहे, पोरगी रात्री गजर लावून दोन-दोन तासांनी उठते, आजीची कूस बदलते, त्यात अभ्यास बुडाला आणि मार्क घसरले. पुढे जाता जाता हेही लिहिलंत की आजीच्या पाठीला अजून एकही जखम नाही. भाऊ, दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या अंगावर जखम होऊ न देणं किती अवघड असतं, हे कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. तुमच्या लेकीने ते बारावीच्या वर्षात केलं. तुम्ही ते मार्क कमी पडण्याचं कारण म्हणून लिहिलंत.

मला काळजी वाटते ती इथे. घरातल्या रात्री तिच्याकडे आहेतच, आता कर्जही तिच्याच नावावर टाकायचं ठरलंय. वय अठरा. "तिने दोन वर्षं परदेशात काढली की आपण मोकळे होतो" हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. रागावून लिहिलेलं नाही, थकून लिहिलेलं आहे, हे कळतं. कापसाने दगा दिला की माणूस कशालाही धरून उभा राहू पाहतो. तरीही स्पष्ट सांगते, कर्जाच्या कागदावर सही तुमची आहे, लेकीची नाही. पुनर्गठनासाठी बँकेत तुम्हीच जायचं, सोसायटीच्या सचिवाशी तुम्हीच बोलायचं, आणि ती जेवायला बसली असताना तो आकडा काढायचा नाही. ज्या पोरीला रोज ताटावर कर्ज ऐकावं लागतं, ती करिअर निवडत नाही, सुटका शोधते.

"ऐकत नाही" असं तुम्ही लिहिता. पण जिला नुसतं नाहीच म्हणायचं आहे, ती रोजचं काम कशाला विचारेल? उत्तर तिलाच देते.

बेटा, विदर्भातल्याच एका निवृत्त लेफ्टनंट कर्नल ताई माझ्या ओळखीच्या आहेत. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होत्या. दक्षिण सुदानमधल्या मलाकालला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपलं हॉस्पिटल आहे, तिथे त्या वर्षभर होत्या. तुझी ओळ त्यांना फोनवर वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तिला सांगा, रोज मोजावं लागतं."

सकाळी ड्यूटी घेताना पहिलं काम मोजणीचं. कुलपातल्या मॉर्फिनच्या अँप्यूल रजिस्टरशी जुळवायच्या, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघायचा, सलाइन किती, गॉज किती, कुठल्या औषधाची तारीख जवळ आली. असं हॉस्पिटल साधारण 20 खाटांचं असतं. दिवसाला 40 पर्यंत बाह्यरुग्ण, तीन-चार ऑपरेशनं आणि 60 दिवस पुरेल इतका औषधसाठा, असं त्याचं माप ठरलेलं असतं. संपलं तर मेडिकलच्या दुकानात माणूस पाठवता येत नाही. माल विमानाने येतो, नाहीतर नाईल नदीतून बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने.

मग राउंड, इंजेक्शनं, ड्रेसिंग, ताप-बीपीचे तक्ते, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने हत्यारं निर्जंतुक करणं. रुग्ण बहुतेक वेगवेगळ्या देशांचे जवान आणि यूएनचे कर्मचारी. गोळी लागलेला कधीतरी येतो. रोजचे म्हणजे मलेरिया, जुलाब, गाडी उलटून मोडलेला हात. ताईंनी तिथला पहिला शब्द शिकला तो "मोया", तिथल्या अरबीत पाणी. तापात बडबडणाऱ्या माणसाच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवायचा आणि विचारायचं, मोया? बाकीचं दुभाषी सांगतो, पण रात्री दोन वाजता तो शेजारी नसतो.

संध्याकाळ झाली की बाह्या खाली, मच्छरदाणी खोचून झोपायचं, मलेरियाची गोळी चुकवायची नाही. राहायचं कंटेनरच्या खोलीत, वीज जनरेटरची. छावणीबाहेर एकटीने पाऊल टाकायचं नाही. बाजार नाही, फिरणं नाही, वर्षभर तीच माणसं. मलाकालची माती मात्र तुझ्या वावरासारखीच आहे, काळी, कापसाची. पावसाळ्यात बुटाला गोळा होऊन चिकटते आणि रस्ते बंद पडतात. ताई म्हणाल्या, घर त्या चिखलातच आठवायचं. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. रात्री आठला ड्यूटी संपवून फोन करावा, तर इकडे साडेअकरा वाजलेले आणि आई झोपलेली.

एक रात्र त्यांनी सविस्तर सांगितली. पोटात गोळी लागलेला एक जवान हेलिकॉप्टरने आला. ऑपरेशन चार तास चाललं. टाके घालायच्या आधी, पोटात एखादा राहू नये म्हणून, ताईंनी गॉज मोजले, एक कमी. पुन्हा मोजले, एक कमीच. पेशंटचा रक्तदाब खाली येत होता, सर्जनला घाई होती. ताई म्हणाल्या, सर, मोजणी जुळत नाही. सगळं थांबलं. टेबलाखाली सांडलेल्या कापडाच्या घडीत तो गॉज सापडला, रक्ताने इतका भिजलेला की कापडापासून वेगळा ओळखू येत नव्हता. मग पोट शिवलं. भाऊ, "शेवटी डॉक्टरच्या हाताखालचंच काम" असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे तुम्हालाही सांगितलं. मिलिटरी नर्स कमिशन घेऊन, म्हणजे अधिकारी म्हणून, लेफ्टनंटच्या हुद्द्यावर रुजू होते. आपल्या सैन्यदलांतली पहिली महिला मेजर जनरल याच सेवेतली, गर्ट्रूड अॅलिस राम, 1976 साली.

आता त्या डॉलरबद्दल. मिलिटरी नर्सिंग म्हणजे परदेशातली नोकरी, हा समज मी गावोगाव ऐकते आणि त्यामुळे पोरींची फसगत होते. आखातात किंवा जर्मनीत नर्स म्हणून जाणं हा वेगळा रस्ता आहे. मिलिटरी नर्सची जवळजवळ सगळी नोकरी देशातल्या लष्करी हॉस्पिटलांत होते: लेह, जम्मू, जोधपूर, लखनौ, कदाचित आपली कामठी. परदेशातली नेमणूक थोड्यांच्याच वाट्याला येते, ती साधारण वर्षाची, आणि मागून मिळत नाही. शांतिसेनेतल्या प्रत्येक माणसामागे संयुक्त राष्ट्र ठरलेली रक्कम देतं, 2022 मध्ये ठरलेला दर महिन्याला 1,448 डॉलर होता. हाच आकडा तुमच्या नातेवाइकांच्या कानावर आला असावा. पण ते पैसे सरकारला मिळतात. नर्सला तिचा नेहमीचा पगार आणि सरकारी नियमाने परदेश भत्ता मिळतो. पगार चांगला असतो, यात वाद नाही. मात्र आज प्रवेश मिळाला तरी चार वर्षं शिक्षण, मग नोकरीची काही वर्षं, आणि त्यानंतर कदाचित परदेश. तुमच्या कर्जाचं व्याज इतकी वर्षं थांबणार नाही. आणि जिवाची जोखीम? शांतिसेनेत भारताचे सुमारे 180 जण शहीद झाले आहेत. काँगोतल्या ज्या गोमा शहरात आपलं हॉस्पिटल 2005 पासून आहे, ते जानेवारी 2025 मध्ये बंडखोरांनी ताब्यात घेतलं. पोरीला तिकडे पाठवायचं म्हणताना बापाला हे माहीत असलं पाहिजे.

लग्नाचं तुम्ही लिहिलंत, की मिलिटरीत लग्न करू देत नाहीत, म्हणून दोन वर्षांत तिला परत आणून उरकून टाकू. ते जुनं झालं. लग्न केलं म्हणून मिलिटरी नर्स लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये काढलं होतं. तो नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिक्षणाच्या चार वर्षांत लग्न चालत नाही, एवढंच. आणि शिक्षणाच्या वेळी नोकरीचा बाँड लिहून द्यावा लागतो, मधेच परत आणण्याचा बेत त्यात बसत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. बी.एस्सी. नर्सिंगच्या सहा लष्करी कॉलेजांत मिळून देशभरातून 220 जागा, फक्त मुलींसाठी. नीटचे गुण, मग संगणकावरची परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. 212 वर मी भविष्य सांगत नाही, कटऑफची रेषा दरवर्षी हलते. तिला जायचं असेल तर फॉर्म भरा, पण त्या एकाच फॉर्मवर वर्ष टांगून ठेवू नका. राज्याच्या सीईटीतून बी.एस्सी. नर्सिंगला जाता येतं, सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज तुमच्यापासून फार लांब नाही. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारी-नोकरीची, जाहिरात निघते, तोही मिलिटरी नर्सिंगचाच दरवाजा आहे. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची असेल, काम पाहिलेली असेल, आणि हो-नाही तिचं ती सांगेल.

हे सगळं तिला नर्सिंग हवं असेल तर. आजीचं इतकं करते म्हणून तिने नर्सच व्हावं, असं मीही गृहीत धरत नाही. दीड वर्ष रात्री जागून ती या कामाला विटलीही असेल. काम येणं आणि त्या कामात आयुष्य घालवावंसं वाटणं या दोन गोष्टी आहेत, आणि तिला शांतपणे विचार करायला सलग झोप झालेली नाही. म्हणून फॉर्मच्या आधी एक करा, भाऊ. पुढचे पंधरा दिवस रात्रीचा गजर तुमच्या उशाशी लावा. आजी तुमची आई आहे. लेकीला झोपू द्या. पंधरा दिवसांनी तिलाच मला पत्र लिहू द्या, तुम्ही न वाचता.

आजीला वळवताना लकव्याच्या बाजूचा हात ओढू नका, खांदा निखळतो. पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि सगळं अंग एकदम आपल्याकडे. पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. मग बॅटरी लावून माकडहाड, खुबा आणि टाच बघायची. कुठे लाल किंवा काळपट दिसलं तर बोटाने दाबायचं. बोट काढल्यावरही रंग तसाच राहिला तर त्या अंगावर पुन्हा निजवायचं नाही आणि सकाळी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला दाखवायचं. पत्रावरून हे हाताला येणार नाही. पहिल्या रात्री लेकीला शेजारी उभी करा आणि तिच्याकडून शिकून घ्या.