ख्रिस्ती तीर्थयात्रा करून आल्यावर नम्र कसं राहायचं?

तुमचा प्रश्न असा की, नुकतेच येशूच्या पवित्र भूमीची (यरुशलेम, बेथलेहेमची) यात्रा करून आलात, चर्चच्या मंडळीतले लोक वेगळ्या नजरेने बघतायत, साक्ष द्यायला, म्हणजे सभेत अनुभव सांगायला बोलावतायत, आणि हे सगळं आवडायला लागलंय याचीच तुम्हाला धास्ती वाटतेय. धास्ती वाटतेय हे बरं आहे. मला वाटली नव्हती.

मी परत आले त्याच आठवड्यात प्रार्थनासभा होती. पाळकसाहेब बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर बोलत होते. येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन (जॉर्डन) नदीचं वर्णन करताना ते 'विशाल पात्र' असं काहीतरी म्हणाले आणि मी बसल्या जागेवरून बोलले, "नाही साहेब, अगदी लहान नदी आहे. मी उतरले होते ना." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब हसले, "बरं झालं सांगितलंत" म्हणाले आणि पुढे बोलू लागले, पण त्यांचा धागा तुटला तो तुटलाच. सभा संपल्यावर मी पर्समधून बाटली काढली आणि "येशूचा बाप्तिस्मा झाला तिथलं पाणी" म्हणून चौघींना दाखवली.

आता गंमत ऐका. ते पाणी मी भरलं होतं यार्देनित इथे, गालील समुद्रातून नदी बाहेर पडते त्याच्या जवळ. उतरायला पायऱ्या, धरायला कठडे, अंगात घालायला पांढरे झगे, अशी सगळी सोय तिथे यात्रेकरूंसाठी १९८१ पासून आहे. येशूच्या बाप्तिस्म्याची म्हणून परंपरेने मानलेली जागा यरीहोजवळ, तिथून साधारण १०० किलोमीटर दक्षिणेला. हे मला सहा महिन्यांनी कळलं. गाईडने सांगितलंही असेल, मी तेव्हा फोटो काढून घेत होते.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलंय की "मी आता पवित्र झाले" असं कुणीच स्वतःशी म्हणत नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना असते. अहंकार घुसतो तो "मी पाहिलंय" या दोन शब्दांतून. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं.

पण खरी मान खाली गेली ती वेगळ्याच कारणाने. निघण्याआधी बऱ्याच जणांनी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. यरुशलेममध्ये येशूची कबर जिथे मानतात त्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये लांबलचक रांग असते, आत कबरीपाशी जेमतेम काही क्षण मिळतात, बाहेर उभा असलेला धर्मसेवक घाई करत असतो. ते क्षण मी रडण्यात घालवले. रडतेय याचंही मनातून समाधान वाटत होतं, आता लपवून काय करू! चिठ्ठ्या पर्समध्ये होत्या आणि पर्स खांद्याला होती.

घरी आल्यावर मंडळीतल्या एका आजींनी विचारलं, "माझी चिठ्ठी तिथे वाचलीस ना गं?" मी "हो" म्हणाले. धडधडीत खोटं, तेही पवित्र भूमीहून येऊन आठ दिवस झाले नसताना. रात्री ती चिठ्ठी शोधून उघडली. वहीच्या पानाचा तुकडा, चार घड्या, आत पेन्सिलीने एकच ओळ: थोरल्याने फोन करावा.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांना खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आता वाच की. इथून काय देवाला ऐकू जात नाही होय?" आम्ही तिथेच बाकावर बसून ती ओळ वाचली.

आजींना माहीत असण्याचं कारण नाही, पण हेच बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस एका पत्रात लिहिलंय, की स्वर्गाचं दार यरुशलेमहून जेवढं जवळ तेवढंच ब्रिटनहूनही जवळ. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः बेथलेहेमात कायमचा मुक्काम ठोकून बसलेला होता!

बेथलेहेमवरून आठवलं. तिथल्या ख्रिस्तजन्माच्या चर्चचं 'नम्रतेचं दार' तुम्हीही पाहिलं असेल. उंची जेमतेम चार फूट, वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. त्यावर प्रवचनं खूप होतात. पण दार बुटकं केलं ते घोडेस्वारांनी आणि लुटारूंनी थेट आत घुसू नये म्हणून. वरती नीट पाहिलं तर आधीच्या मोठ्या दारांच्या खुणा भिंतीत दिसतात. मी वाकले ती कपाळ फुटू नये म्हणून आणि बाहेर येऊन ताठ झाल्यावर पहिलं काम केलं ते त्याच दारासमोर फोटो काढण्याचं. तेव्हा नुसत्या वाकण्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

आपण मोठेपणाने ज्या जागांबद्दल सांगतो, त्यांची स्थिती तरी काय आहे? पवित्र कबरेच्या चर्चची चावी शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडायचं काम दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. आत सहा ख्रिस्ती पंथ नांदतात आणि कोपरा न् कोपरा कुणाचा हे ठरलेलं आहे. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी निदान अठराव्या शतकापासून तशीच उभी आहे, कारण सगळ्यांच्या संमतीशिवाय ती हलवायची नाही. साक्षीत हल्ली मी ही शिडी आवर्जून सांगते. लोक हसतात आणि मग माझ्याकडे पाहण्याची त्यांची नजर जरा साधी होते.

मान मिळणं ही काही आजची गोष्ट नाही. बल्गेरिया, ग्रीस भागातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती यरुशलेमला जाऊन आले की नावापुढे 'हाजी' लावत. हो, तोच शब्द. कित्येक ग्रीक आडनावांत तो अजून चिकटलेला आहे. माझी एक मैत्रीण स्पेनमध्ये सांतियागोची वाट, म्हणजे तिथली जुनी ख्रिस्ती पदयात्रा, चालून आली. तिथे प्रमाणपत्र मिळायला शेवटचे १०० किलोमीटर पायी चालले तरी पुरतं. ती म्हणाली, फ्रान्सच्या सीमेपासून सुमारे ७८० किलोमीटर चालत आलेले काही जण या शंभरवाल्यांकडे असे बघत, जणू ते फिरायलाच आलेत. वाटेवरच ही तऱ्हा, तर घरी आल्यावर काय होणार!

आता तुम्ही करायचं काय? "मी कोण? सगळं प्रभूनेच केलं" असं डोळे मिटून वारंवार म्हणू नका. तेही एक प्रदर्शनच. साधं खरं सांगा: किती वर्षं पैसे साठवले, रजा कशी मिळाली, मागे घर कुणी सांभाळलं. माझ्या १२ दिवसांत सासूबाईंचं औषधपाणी जावेने केलं, तेही नोकरी सांभाळून. साक्षीत तिचं नाव घ्यायचं मला पहिल्या दोन वेळा सुचलंही नव्हतं. चिठ्ठ्या नेल्या असतील तर त्या माणसांना आधी भेटा, फोटो नंतर. आणि मोडलेले दिवसही सांगा. मी बसमध्ये खिडकीच्या जागेवरून भांडले होते, येशूला क्रुसावर दिलं त्या कालवरीला जाऊन आल्यावर, त्याच दुपारी.

एकटं बसून वाचायचं असेल तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचा. येशूचे आईवडील मरीया आणि योसेफ वल्हांडण हा यहुदी सण करून यरुशलेमहून परत निघालेत. सण रीतीप्रमाणे पार पडलाय. एका दिवसाची वाट चालून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं, १२ वर्षांचा येशू बरोबर नाहीच. सोबतच्या मंडळींत असेल असं ते धरून चालले होते. तो सापडतो तीन दिवसांनी. यात्रेहून परतताना मीही बॅगेत सगळं आहे ना ते तीनदा तपासलं होतं: जैतुनाच्या लाकडाचा क्रूस, मेणबत्त्या, बाटली. येशू सोबत असेल असं ते धरून चालले, त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले.

बाटली अजून कपाटात आहे. तळाशी हिरवट साका बसलाय. कुणी विचारलं तर "यार्देनचं पाणी" एवढंच सांगते.