वीजकेंद्रांवर हल्ले होत असताना सौर-पवन ऊर्जेचा युक्रेनला खरंच उपयोग होतो का?

होतो, कारण विखुरलेली वीज एका क्षेपणास्त्रात बंद पाडता येत नाही. ऑक्टोबर 2022 पासून रशियाने तिथली औष्णिक केंद्रं आणि उपकेंद्रं हेरून फोडली. मोठा ट्रान्सफॉर्मर गेला की दुसरा मिळायला महिने लागतात. मिकोलाइव प्रांतातल्या तिलिहुल पवन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मात्र 19 पवनचक्क्या (114 मेगावॉट) एकमेकींपासून लांब उभ्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा तर युद्ध चालू असतानाच उभारल्या. एक पडली तरी बाकीच्या फिरतात. पण नुसते छतावर पॅनल लावून भागत नाही: ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेला साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, ग्रिड गेलं की स्वतःच बंद होतो, म्हणजे भर उन्हातही रुग्णालय अंधारात! बॅटरी आणि ग्रिड नसतानाही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवाच. शिवाय डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यामुळे जनरेटर इतक्यात भंगारात काढू नये.