घड्याळ चालू होतं का, ते आधी बघा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत खोटे क्लेम लावल्याचे गुन्हे तपासणाऱ्या पथकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची पत्रं बऱ्याच दिवसांपासून साठली होती. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

आर्थिक गुन्हे शाखेत मी नुकताच रुजू झालो. योजनेकडून आलेली एक्सेल शीट निरीक्षकाने पुढे ठेवली. एकाच मोबाइल नंबरवर ४० पेशंट, आणि २० खाटांच्या रुग्णालयात एकाच दिवशी ३१ जण दाखल. त्याच्या मते गुन्हा सिद्धच आहे. मी काय विचारायला हवं?

एवढंच विचारा, की या चाळिसांपैकी किती जणांच्या घरी जाऊन आलात?

आयुष्मान भारतवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर होता, दहाच्या दहा आकडे नऊ. वाचणारा हादरतोच. पण नोंदणीत मोबाइलच्या रकान्यावरून ओळख पटवली जात नव्हती, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यापुढे ऑपरेटर काहीतरी दाबून पुढे जायचा. त्याच अहवालात मृत म्हणून नोंद झालेल्यांच्या नावावर पुढे उपचार दाखवल्याचीही प्रकरणं होती. ती वेगळ्या जातीची. दोन्ही एकाच शीटवर लाल रंगात येतात, आणि त्यांतला फरक शीट सांगत नाही.

एकाच दिवशी दाखल झालेल्या ३१ जणांचंही तसंच. त्यांत डायलिसिसचे किती? डायलिसिसचा पेशंट सकाळी येतो, दुपारी घरी जातो, एका खाटेवर दिवसात दोघे-तिघे होतात. हे वजा केल्यावर काय उरतं ते बघा.

माझ्या एका उपनिरीक्षकाने एकदा पाच पेशंटचे खाटेवरचे फोटो आणले. पाच वेगवेगळ्या तारखा, आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळात पाचही वेळा सव्वाचार. सगळे फोटो एकाच बैठकीत काढलेत, असं टिपण त्याने केस डायरीत लिहूनही टाकलं होतं. मी म्हटलं, घड्याळ चालू आहे का ते बघून या. तो गेला. घड्याळ बंद होतं, वॉर्डबॉयच्या सांगण्याप्रमाणे वर्षभर तरी. तेच टिपण दोषारोपपत्रात गेलं असतं, तर उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत अख्खा तपास हास्यास्पद ठरला असता.

ते रुग्णालय निर्दोष नव्हतं. सापडलं ते स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीदार नळीच्या, स्टिकरवरून. स्टेंटच्या खोक्यावर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते काढून केसपेपरवर चिकटवतात. त्याच उपनिरीक्षकाने जमिनीवर बसून केसपेपरवरचे नंबर आणि पुरवठादाराची बिलं जुळवली. विकत घेतलेल्या स्टेंटपेक्षा बसवलेले जास्त निघाले, काही नंबर दोन-दोन पेशंटच्या नावावर.

योजनेसाठी तयार केलेल्या कागदात खोटं लिहिणं सोपं असतं, कारण तो त्यासाठीच लिहिलेला असतो. म्हणून दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद मागायला शिकवा. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, भूलतज्ज्ञाला दिलेल्या पैशांच्या नोंदी, औषध भांडाराचा साठा, रात्रपाळीच्या नर्सची हजेरी.

बातमी छापून आली आहे. "अजून अटक का नाही?" असं वरून रोज विचारतात. तपास अधिकारी घाबरलाय. काय करू?

त्याच्या आणि वरच्यांच्या मध्ये तुम्ही उभे राहा. पर्यवेक्षण अधिकारी असतो तो मुख्यत्वे यासाठी.

फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४), कमाल शिक्षा ७ वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक ही ठरलेली पायरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच सांगितलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावता येतं. अटक केलीत की दिवस मोजायला सुरुवात होते. फक्त ३१८(४) असेल तर ६० दिवसांत दोषारोपपत्र, नाहीतर आरोपी आपोआप जामिनाला पात्र. मौल्यवान रोख्याच्या बनावटीचं ३३८ किंवा लोकसेवकाने केलेल्या अपहाराचं ३१६(५) खरोखर लागत असेल तर ९० दिवस. दोन हजार केसपेपर, त्यावर तज्ज्ञ डॉक्टरांचं मत आणि बँकेची स्टेटमेंट साठ दिवसांत होत नाहीत. आणि मुदत वाढावी म्हणून मोठं कलम लावू देऊ नका. न्यायालयाला ते लगेच दिसतं.

अपवाद आहे. रजिस्टरं जाळली जात असतील, नर्सना धमक्या येत असतील, तर थांबू नका. फक्त ते कारण त्याच दिवशी डायरीत आलं पाहिजे.

संशयित डॉक्टरांचे वकील जेकब मॅथ्यू निकाल पुढे करतात. सरकारी डॉक्टरचं मत मिळेपर्यंत काहीच करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का?

२००५ चा तो निकाल वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांसाठी आहे. न केलेल्या शस्त्रक्रियेचं बिल लावणं हा निष्काळजीपणा नव्हे. तिथे प्रश्न उपचार चुकला का, हा नसतो. उपचार झाला का, हा असतो.

अवघड असतो तो मधला प्रकार, शस्त्रक्रिया झाली पण गरज नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत कडीजवळच्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर झालं. तिथल्या १९ जणांना अहमदाबादला नेऊन अँजिओग्राफी केली, ७ जणांची अँजिओप्लास्टी झाली आणि दोघे दगावले. अशा गुन्ह्यात हृदयरोगतज्ज्ञाच्या मताशिवाय एक पाऊल टाकू नका. मत मागताना तज्ज्ञाला आरोपीचं नाव आणि तुमचा संशय सांगू नका. फक्त फिल्म आणि रिपोर्ट द्या, आणि प्रश्न लेखी विचारा.

पेशंट जबाब द्यायला तयार नाहीत. "कार्ड बंद होईल" म्हणतात.

त्यांची भीती खरी आहे. ज्याच्या घरात दुसरा आधार नाही, त्याच्यासाठी ते कार्ड म्हणजे पुढचं डायलिसिस. माझे लोक गणवेशात जीप घेऊन वस्तीवर जायचे, तेव्हा साऱ्या गावाला वाटायचं की पेशंटनेच काही केलंय. मी ते बंद करवलं. साध्या कपड्यांत, ओळखीच्या आशाताईंना सोबत घेऊन गेलं की आजीबाई स्वतःहून कागद काढून दाखवतात. महिला, साठीच्या पुढचे पुरुष आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करताच येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ वाचा आणि पथकालाही वाचायला लावा. तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही, हे पहिल्या वाक्यात सांगायला सांगा. आणि नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पीडिताला कळवणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. ते फोनवर आठवणीने केलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं, याचं वाईट वाटतं.

रुग्णालयाचा संगणक जप्त केला, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र राहून गेलं. नंतर चालेल का?

नंतर देता येतं, पण जप्तीच्या वेळचं हॅश मूल्य (फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारा तिचा ओळख-आकडा) पंचनाम्यात नसेल तर त्या प्रमाणपत्राला टेकू उरत नाही. जप्तीचं चित्रीकरण झालंय का, ते आजच बघा.

तालुक्यात एकच मोठं रुग्णालय. तपास अधिकाऱ्याच्या वडिलांची बायपास तिथेच झालेली. तो प्रामाणिक आहे. तपास काढून घेऊ का?

काढून घ्या, आणि तो प्रामाणिक आहे म्हणूनच त्याला समोर बसवून कारण सांगा. वडिलांना पुढच्या महिन्यात तपासणीला त्याच डॉक्टरांकडे जायचंय. त्या खोलीत काय बोलायचं, याचं ओझं मुलावर कशाला? हस्तांतराचा आदेश लेखी द्या आणि त्यात "प्रशासकीय कारणास्तव" एवढंच लिहा. तोवरची डायरी पानं मोजून, सही घेऊन नव्या अधिकाऱ्याकडे सोपवा. आणि जुन्याला त्याच आठवड्यात दुसरा चांगला गुन्हा द्या, म्हणजे ठाण्यात कुजबुज होणार नाही.