‘हेलो’ म्हणजे प्रभामंडल नव्हे, शीव

प्रश्न दुहेरी आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्राचं सिम्युलेशन अनेक प्रोसेसरांवर वाटताना जो ‘हेलो’ ठेवतात त्याला ‘प्रभामंडल’ म्हणावं की ‘सीमा’? आणि ‘पॅरलल’ला ‘समांतर’ चालेल का?

प्रभामंडल देवादिकांच्या डोक्यामागे असतं. इथे कसली प्रभा? हेलोतल्या घरांना, म्हणजे जाळीच्या खणांना, ‘घोस्ट सेल’ असंही म्हणतात आणि त्याचं ‘भूतपेशी’ करणारेही भेटतात. वस्तू काय आहे ते न पाहता कोश उघडला की असं होतं.

वस्तू अशी. यी यांच्या १९६६ च्या एफडीटीडी (फायनाइट-डिफरन्स टाइम-डोमेन) पद्धतीत अवकाशाची जाळी करतात आणि काळाची छोटी पावलं. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र अर्ध्या-अर्ध्या पावलाच्या अंतराने आळीपाळीने पुढे सरकतात. प्रत्येक घराची नवी किंमत काढायला फक्त लगतच्या घरांची माहिती लागते, आणि म्हणूनच कूरांच्या अटीनुसार पाऊल इतकं लहान ठेवतात, की प्रकाश एका पावलात एका घरापलीकडे जात नाही. जाळीचे तुकडे वेगवेगळ्या प्रोसेसरांना दिले, की कडेच्या घरांचा शेजारी दुसऱ्याच्या मेमरीत जातो. त्याच्या किमतींची नक्कल ठेवायला एक घर जाडीचा थर राखतात. तोच हेलो.

याला मराठीत शीव म्हणतात! सीमा, सींव, शीव. मकाराचा वकार ग्राम-गाव, नाम-नाव, श्यामल-सावळा यांत दिसतो, आणि इकारापुढे सकाराचा शकार सिध्यति-शिजणे, सीव्यति-शिवणे यांत. आता खरी गंमत. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्क ‘निरुक्त’ या ग्रंथात सीमेची फोड देतात: ‘विषीव्यति देशाविति’. दोन देशांमधली शिवण उसवते ती सीमा! जाळीचे तुकडे पाडणं म्हणजे हे उसवणं, आणि दर अर्ध्या पावलाला एमपीआयने (प्रोसेसरांमधल्या निरोपांच्या प्रमाणित पद्धतीने) होणारी देवघेव म्हणजे टाका. यास्कांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्रज्ञ सरसकट मानत नाहीत, हे ठाऊक आहे. पण ज्यांना प्रभामंडल चालतं त्यांनी तरी यास्कांच्या चुका काढू नयेत. (स्पर्शाचं ‘शिवणे’ वेगळं, ते प्राकृतातल्या ‘छिव’वरून आलं. दोन्हींची खिचडी करू नका.)

टाकाही अर्धाच घालायचा असतो. नेहमीच्या क्रमांकनात विद्युतक्षेत्र काढायला डावीकडच्या शेजाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र लागतं, चुंबकीय क्षेत्र काढायला उजवीकडच्याचं विद्युतक्षेत्र. तेही फक्त शिवेला स्पर्शी, म्हणजे तिच्या पृष्ठालगत पसरणारे, दोन घटक. दोन्ही क्षेत्रांचे मिळून सहाही घटक दोन्हीकडे पाठवणारे नेटवर्क फुकट तुंबवतात. विद्युतक्षेत्राची नक्कल आणायची राहून ती शून्यच राहिली, तर शिवेवर आदर्श वाहकाची भिंत उभी राहते आणि लाट चिन्ह उलटून परत येते. चित्रात अशी सरळ भिंत दिसली की आधी तुकड्यांचा नकाशा काढा.

नुसतं ‘सीमा’ का नको, तेही यातच आलं. ‘सीमा’ हा शब्द जाळीच्या बाहेरच्या टोकासाठी अडकलेला आहे. तिथे पीएमएल (परफेक्टली मॅच्ड लेयर) नावाचा शोषक थर असतो आणि लाट गिळली जावी अशी अपेक्षा असते. शिवेवरून मात्र लाट, शीव नाहीच अशा थाटात पार जायला हवी.

शीव आखण्यातही अक्कल लागते. प्रत्येक बाजूला ५१२ घरं असलेल्या घनाकृती जाळीचे ६४ तुकडे करायचे आहेत. पट्ट्या पाडल्या तर प्रत्येक पट्टी ८ घरं जाड होते आणि आतल्या पट्टीची शीव दोन्ही बाजू मिळून ५,२४,२८८ घरांची. प्रत्येक बाजूला १२८ घरांचे ठोकळे पाडले तर आतल्या ठोकळ्याची सहाही बाजूंची शीव ९८,३०४ घरांत आटपते. शिवाय आतली घरं मोजत असतानाच शिवेचा माल रवाना करता येतो. थांबून वाट पाहायची गरज नाही.

‘समांतर’ रुळलेलं आहे, राहू द्या.