तुलना तिच्याच पूर्वीच्या जगण्याशी करा

तुम्ही निवासी केंद्रात नव्याने रुजू झाला आहात, म्हणून आग्रहाने सांगते. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला वार-तारीख विचारून स्मृतिभ्रंश ओळखता येत नाही, कारण ते उत्तर तिला पूर्वीही देता येत नव्हते. वेळ अमावास्येच्या सणाला शेतात जायला दरवर्षी उतावीळ होणारी, भाकरी स्वतः कुस्करून खाणारी व्यक्ती ताटासमोर नुसती बसून राहू लागली, उंबरठ्याशी अडखळू लागली किंवा तिला चाळिशीनंतर प्रथमच फिट आली, तर ‘तिचे असेच असते’ म्हणून सोडून देऊ नका. हे वाक्य मला फार घातक वाटते. डाउन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत २१ वे गुणसूत्र जादा असल्याने मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन लवकर साठते आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराची लक्षणे बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात. त्यामुळे पालकांच्या संमतीने तिशीतच अशा व्यक्तीच्या जेवण्या-चालण्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. मात्र थायरॉइडची कमतरता, मोतीबिंदू, कानातील मळ, बद्धकोष्ठता, सांगता न येणारी दातदुखी, नैराश्य किंवा फिटच्या गोळ्यांचा दुष्परिणाम यांमुळेही असेच बदल दिसतात, आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात नेताना ही कारणे आधी तपासण्याची विनंती करा आणि ते चित्रण व शक्य असल्यास तिच्या आईलाही सोबत न्या.